मेंढरांनी खाल्लेली चासी

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मी पिकअपखाली उताणा पडलो होतो. गंजाचे पोपडे तोंडावर पडले. डोळे पुसून दुसऱ्या जागी टोचलं, तिथंही तेच. तिसऱ्या जागी टोचायचीही गरज पडली नाही. नुसत्या बोटानं भोक पडलं.

"नागनाथ, ग्राइंडर बंद कर आणि इकडं ये."

नागनाथ माझा वेल्डर. तामलवाडीला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे, ते आम्ही दोघं मिळून चालवतो. तो शेजारी आडवा झाला, टॉर्च मारली आणि भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "रशीदभाई, आता बाईला कोण सांगणार?"

बाई म्हणजे शोभा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पिकअप तिच्या वडिलांची, बिरूतात्यांची. तात्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. कळप मोठा झाला तेव्हा त्यांनी ही जुनी, चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली. फोर-बाय-फोर म्हणतात ती. तात्यांना चालवता येत नव्हती, म्हणून शोभा शिकली. बाजाराच्या दिवशी मेंढरं भरून सोलापूरला तीच न्यायची. पुढं तिला नोकरी लागली, लग्न झालं. तात्यांचे गुडघे गेले, कळप विकला आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली.

एक दिवस शोभानं तात्यांना मोबाइलवर लडाखच्या बकऱ्या दाखवल्या. तिथले लोक बकरीची लोकर कातरत नाहीत, फणीनं विंचरून काढतात. आयुष्यभर कातर चालवलेल्या माणसाला हे पटेना.

"खोटं हाय," तात्या म्हणाले. "बकरं काय नवरी हाय व्हय, येणी घालाया?"

शोभानं आणखी दोन-चार व्हिडिओ दाखवले. "बघितल्याबिगर म्या मानणार न्हाय," एवढंच त्यांचं उत्तर. पण रोज संध्याकाळी 'ती फणीवाली बकरी लाव' म्हणून मोबाइल मागायचे. शोभानं ते ओळखलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना गाडीनं घेऊन जायचं ठरवलं.

विमानानं एकदम उंचावर जाण्यापेक्षा हळूहळू चढा, असं डॉक्टर म्हणाले होते. तात्यांचीही एक अट होती. वाटेत जिथं कळप दिसेल तिथं थांबायचं. आता कळप काही हॉटेलसमोर चरत नाहीत. माळावर, नदीच्या पात्रात, डांबर सोडून आत असतात. म्हणजे गाडी आडवाटेला जाणारी पाहिजे, आणि तिच्यातच झोपायची सोय पाहिजे. अशा तयार गाड्यांच्या किमती शोभानं नेटवर बघितल्या आणि मोबाइल बंद करून माझ्याकडं आली.

पहिल्या दिवशीची बोलणी अशी झाली.

"चाचा, गाडी उंच करायची का? व्हिडिओत सगळे करतात."

"कशाला? उलटायला?"

"मोठी चाकं?"

"कंपनीनं दिलेल्याच मापाची. फक्त नवी आणि खोल नक्षीची."

"वर लाइटची पट्टी?"

"रात्री गाडी चालवणार आहेस का?"

"नाही."

"मग राहू दे."

लांबच्या गाडीचं गणित साधं असतं. वजन कमी पाहिजे आणि आहे ते वजन खाली पाहिजे. वर टपावर सामान चढवलं की तिरक्या वाटेवर गाडी झुकते. म्हणून आम्ही ठरवलं, कमानपाटे नवे घालायचे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर सगळा भार बसतो. हौद्यात प्लायवूडचा हलका डबा बसवायचा. त्यात पलंग, पलंगाखाली पाण्याचे कॅन, शेगडी, भांडी. पुढं केबिनमध्ये शोभा, तात्या आणि मागच्या सीटवर तात्यांचा कुत्रा शेरू. शोभाचा नवरा घरी राहून म्हशी बघणार होता.

तात्यांनी एकच गोष्ट मागितली. "निजल्यावर भाईरचं दिसाया पायजे. खिडकी डोस्क्यापाशी करा."

आरटीओत जाऊन विचारून आलो. तिथले निरीक्षक म्हणाले, "गाडीची बॉडी बदलणार असाल तर आधी मंजुरी घ्या." डबा बोल्टनं बसवलेला आणि काढता येणारा ठेवायचा, हे तेव्हाच पक्कं केलं. राज्याबाहेरच्या परमिटचं शोभानं बघितलं.

आणि मग डबा बसवायच्या आधी, सहज म्हणून, मी गाडीखाली शिरलो.

चासी म्हणजे गाडीचा पाठीचा कणा. लोखंडाच्या दोन लांब पन्हळी आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आडव्या ठेवलेल्या शिडीसारखं. इंजिन, केबिन, हौदा सगळं त्या शिडीवर बसतं. या गाडीनं वर्षानुवर्षं मेंढरं वाहिली. मेंढरांचं मूत खारट. ते हौद्याच्या फळ्यांमधून खाली गळायचं आणि पन्हळीत साचायचं. तात्या हौदा धुवायचे, पण पन्हळीच्या आत पाणी कोण मारतो? वरून रंग शाबूत, आतून लोखंडाचा पापड झालेला. मागच्या चाकांच्या वरचा अख्खा भाग गेला होता.

शाळा सुटल्यावर शोभा तात्यांना घेऊन आली. मी तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. तिनं टोचलं आणि तशीच खाली बसली.

तात्या वाकले, बघितलं आणि हसायलाच लागले. "माझ्याच मेंढरांनी खाल्ली म्हना की! सगळं खायाचे ते. लोखंडबी सोडलं न्हाय."

शोभा हसली नाही. "पट्टी मारून चालेल का, चाचा?"

"सोलापूरला जायला चालेल. तिकडं वरच्या दगडांत मी शब्द देणार नाही."

मग तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. मोबाइलवर बघितली तेवढी बास." आणि ते शेरूला हाक मारत बाहेर गेले. चांगले शांतपणे म्हणाले. पण गुडघे दुखत असताना माणूस इतक्या झटक्यात निघून जात नाही.

शोभा त्यांच्याकडं बघत होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "दुसरा उपाय सांगा."

दुसरा उपाय होता. कटकटीचा होता म्हणून मी आधी बोललो नव्हतो. सोलापूरच्या भंगार बाजारात याच मॉडेलची, समोरून ठोकलेली गाडी मिळाली तर तिचा मागचा अर्धा भाग कापून इथं जोडता येतो. चासीचा नंबर पुढच्या भागावर असतो, तो भाग आपलाच राहतो. तरी परत निरीक्षकांकडं गेलो. ते म्हणाले, "करा. पण काम झाल्यावर गाडी मला आणून दाखवायची. रंग मारायच्या आधी."

भंगारात तशी गाडी मिळाली. पुढचं तोंड चेपलेलं, मागचा भाग कोरा. आधी कशाला वापरायचे म्हणून विचारलं, तर बेकरीचा माल वाहायची. नागनाथ म्हणाला, "पाव खाऊन वाढलेली हाय. तब्येत बघा."

जोड घालताना पन्हळ सरळ कापत नाहीत, तिरकी कापतात. तिरक्या जोडाची लांबी जास्त, म्हणून पकड जास्त. आतून दुसरी पन्हळ सरकवायची, वेल्डिंग करायचं, बाहेरून निमुळत्या टोकांच्या पट्ट्या मारायच्या. त्याच्याही आधी दोऱ्यानं कोपरा ते कोपरा माप घ्यायचं. दोन्ही तिरके दोरे सारखे भरले तर चासी सरळ. नाही भरले तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते. आमचे दोरे सारखे भरायला एक अख्खा दिवस गेला.

मग हौदा चढवला, डबा बसवला, सामानाऐवजी वाळूची पोती भरली आणि गाडी गावामागच्या कोरड्या ओढ्यात नेली. मोठमोठ्या दगडांवर एक मागचं चाक चढवलं, त्याच बाजूचं पुढचं हवेत लोंबकळलं. अशा वेळी केबिनची दारं उघडून बघायची. चासी पिळली जात असेल तर दार अडकतं. शोभानं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. लोण्यासारखं चाललं. शेजारच्या सीटवर तात्या दोन्ही हातांनी दांडी धरून बसले होते. "घोड्यापरीस बरी हाय," म्हणाले.

त्यांचं सामान बांधून झालं होतं. शाळेला सुट्टी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, नारळही आणलेला. शेवटची तपासणी म्हणून मी जोडाच्या आसपास डिझेल लावलं, थोड्या वेळानं कोरडं पुसून घेतलं आणि वरून खडू घासला. ही आमची जुनी पद्धत. लोखंडात केसाएवढी चीर असली तरी डिझेल तिच्यात लपून बसतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ होऊन बाहेर येतं.

जोड पांढराच राहिला. पण जोडाच्या पुढं, जुन्या लोखंडावर, एक रेघ उमटली.

सडका भाग आम्हाला दिसला त्याहून पुढंपर्यंत गेला होता. आतल्या बाजूनं लोखंड पातळ झालेलं. ओढ्यातल्या पिळानं ते चिरलं.

"गाडी उद्या जाणार नाही," मी शोभाला सांगितलं.

"चाचा, केवढीशी ती रेघ!"

"आज केवढीशी आहे."

"सुट्टी मोजकी आहे माझी. बर्फानं बंद असलेला तिकडचा घाट आता उघडेल. आणखी आठवडा घालवला तर कुठवर पोचू?"

"ते मला माहीत नाही. जोडाच्या पुढं अजून कापावं लागेल एवढं माहीत आहे."

"तुम्ही म्हणालात, दारं नीट उघडली की झालं."

"दारं नीट उघडली. चीरही पडली. दोन्ही खरं आहे."

ती चिडून स्कूटी घेऊन निघून गेली. तात्या मात्र गॅरेजसमोरच्या बाजेवर बसून राहिले. मी चहा मागवला.

"मिस्तरी," ते म्हणाले, "पोरगी माझ्यापायी घाई करतीया. तुमी करू नका. वढ्याला पूर आला की आमी ह्या काठाला बसायचो. एक दिस, दोन दिस. पलीकडं चारा दिसायचा हिरवागार. पर बसायचो. घाईनं घातलेलं मेंढरू खाली धा कोसावर घावतं, ते बी मेलेलं."

"जायचं लांबलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "वाटू दे. कापा तुमी."

आम्ही कापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा आली ती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊनच. गाडीवरच्या प्लायवूडच्या डब्यात बसून खिडकीचे पडदे शिवून टाकले आणि नकाशा काढून राजस्थानचा मुक्काम खोडला. नागनाथनं आणि मी नवा जोड केबिनच्या मागच्या आडव्या तुकड्याजवळ घेतला. तिथलं लोखंड जाड होतं आणि घासल्यावर चांदीसारखं चकाकलं. परत दोरे, परत ओढा, परत डिझेल आणि खडू. यावेळी सगळं पांढरं राहिलं. निरीक्षकांनी गाडी बघितली, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, मान हलवली. मगच रंग मारला.

ते निघाले तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरखाली होतो. हॉर्न ऐकून बाहेर आलो तर गाडी टोलच्या दिशेनं लहान होत चालली होती आणि मागच्या काचेत शेरूचं तोंड दिसत होतं.

वाटेतून शोभाचे फोटो यायचे. हिमाचलमध्ये रस्त्याच्या बाजूला एक मोठा कळप, आणि त्या मेंढपाळांच्या शेकोटीजवळ तात्या. त्यांना यांची भाषा येत नाही, यांना त्यांची. तात्या एका मेंढराचा खूर हातात घेऊन बघतायत, तो मेंढपाळ वाकून दाखवतोय. शोभानं खाली लिहिलं होतं, 'दोन दिवस इथून हलायला तयार नाहीत.'

मग बरेच दिवस काही नाही. तिकडं रेंज नसते हे माहीत होतं, तरी नागनाथ रोज विचारायचा, "आला का फोन?" मी नाही म्हणायचो आणि दोघं आपापल्या कामाला लागायचो. त्या जोडावर आमची झोप टांगली होती हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

एका दुपारी फोन आला. आवाज तुटत होता, वारा फार होता.

"मिस्तरी, खरं हाय!" तात्या ओरडत होते. "फणीनंच काढत्यात! म्या बी काढली. लई मऊ! पर त्येंचा हात माझ्यापरीस हळू हाय."

"गाडी कशी आहे?"

"कंची गाडी? हां. हाय की, उभी हाय."

ऐकून मला जे समाधान झालं, ते आजवर कुठल्या गिऱ्हाइकाच्या कौतुकानं झालं नव्हतं. मालकाला गाडीची आठवण येत नाही, म्हणजे गाडी चांगली चालली आहे.

परत आल्यावर मी आधी खडू घासला. पांढरा. एक कमानपाटा मोडला होता, तो मनालीत बदललेला. डावीकडचा आरसा एका बकऱ्यानं शिंगानं फोडला होता. डब्यात पावसाचं पाणी एका कोपऱ्यातून झिरपलं, तेवढं आमचं कच्चं राहिलं.

त्यानंतर लांबच्या प्रवासाला गाडी बांधून मागणारे बरेच येऊ लागले. सगळे टायरचं, लाइटचं, टपावरच्या तंबूचं विचारतात. मी आधी एकच विचारतो, गाडीनं आजवर काय वाहिलं? रस्ता गाडीला नंतर मोडतो. आधी तिला जुना माल मोडतो.

परवा एक तरुण जुनी पिकअप घेऊन आला. गाडी बाहेरून चकाचक.

"काही जड नाही वाहिलं, चाचा," तो म्हणाला. "फक्त खताची पोती."

खतही खारटच. मी नागनाथला टॉर्च आणायला सांगितली.