आतून लावलेली कडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी पुटपुटत बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे सगळे मला फार चांगली बाई समजतात.

बिबवेवाडीत आमची संस्था आहे. लघवीच्या पिशवीचं एक दुखणं असतं. संसर्ग सापडत नाही, तपासण्या स्वच्छ येतात, आणि पिशवीत घोटभर साठलं की आतून कुणी काच ओढतंय असं वाटतं. डॉक्टर आधी म्हणतात, मनाचं आहे. सासरचे म्हणतात, नाटक आहे. अशा माणसांना धीर द्यायचा, योग्य डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. संस्था मी उभी केली, कारण मला हे दुखणं होतं. होतं — हा शब्द लक्षात ठेवा.

नियमही मीच केले. अध्यक्ष तोच, ज्याला हा आजार आहे. बरं झालेल्याने बाजूला व्हायचं, कारण बरा झालेला माणूस फार लवकर विसरतो. आणि दुसरा नियम दोन थापांचा. आमच्या हॉलला टॉयलेट एकच. बाहेरून दारावर दोन थापा पडल्या, की आतल्याने असेल तसं उठून बाहेर यायचं. ‘आले आले’ म्हणत बसायचं नाही. दोन थापा म्हणजे बाहेरच्याचा जीव जातोय.

आणि मग मी बरी झाले. कधी, ते कळलंही नाही. एका लग्नातून घरी आले आणि लक्षात आलं — कार्यालयात टॉयलेट कुठे आहे हे मी पाहिलंच नव्हतं. आनंद झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मी घाबरले. आजार गेला तर मी कोण? भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी सोसायटीतली एक निवृत्त बाई. म्हणून मी बैठकीतून मधेच उठत राहिले. ओटीपोटावर हात ठेवून जायचं, तोंडावर पाणी मारून परत यायचं. सवयच झाली होती ती.

त्यात शैला आली. शनिवार पेठेत तिचं आणि नवऱ्याचं भांड्यांचं दुकान. बाई तिखट, आजार तिच्याहून तिखट. आम्ही भेटेपर्यंत ती घराबाहेर पडणंच विसरली होती. पुढे एकटी रिक्षाने बैठकीला यायला लागली, मग बायका माझ्याऐवजी तिला फोन करायला लागल्या. मला ते सोसलं नाही. सरळ सांगते, माझा जळफळाट झाला.

त्या रविवारी नवा अध्यक्ष ठरायचा होता. मी तावातावाने बोलत होते, चहा होत होता, आणि बोलण्याच्या भरात मी उठायचं विसरले. दाराजवळच्या खुर्चीवरून शैला म्हणाली, “सुनंदाताई, आपण मघापासून एकदाही उठला नाहीत. चहासुद्धा दोनदा झाला. छान बरं वाटतंय की आपल्याला.”

दोघीचौघी हसल्या. मी म्हटलं, बैठकीसाठी दाबून धरलंय, आणि ताठ मानेने टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली. बसले नाही. गरजच नव्हती. नुसती उभी राहिले, आणि डोळ्यांसमोर काय होतं सांगू? तिचे केस मुठीत धरून मी तिचं डोकं त्या बेसिनवर आपटत होते. पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात दोन थापा पडल्या. हात तिचाच होता; तिची थाप मी बैठकांतून कितीदा ऐकली होती.

मी कडीवर हात ठेवला — आणि तसाच ठेवला.

बाहेर काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. दुसऱ्या कुणाला नसेल इतकं ठाऊक होतं. मांड्या कशा थरथरतात, डोळ्यांपुढे अंधार कसा येतो, सगळं. थापांचे धक्के झाले, धक्क्यांच्या लाथा झाल्या. “ताई, उघडा,” ती म्हणाली. मग नुसता हुंकार, गुरासारखा. आणि मी काय केलं? आतून दार बडवायला लागले. कडी अडकली, कडी अडकली म्हणून ओरडले. डावा हात कडीवर घट्ट, ती चुकून सरकू नये म्हणून. उजव्या मुठीने दारावर घाव. बाहेरून ती, आतून मी, मधे एक बोटभर फळी. माझा प्रत्येक घाव तिच्या तोंडावर होता. आणि मला त्याची चव लागली होती. हो, चव.

मग बाहेरून तिची मूठ दारावर आदळली आणि काहीतरी कटकन मोडलं. ती किंचाळली. पाठोपाठ फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला. तेव्हा मी कडी काढली. लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

शैला उभी होती. साडी भिजलेली, हात काखेत दाबलेला, दारावर रक्त. सगळ्यांनी माना फिरवल्या. ते सगळे यातून गेलेले, म्हणूनच फिरवल्या. तिने मात्र माझ्या खांद्यावरून आतल्या कोरड्या भांड्याकडे पाहिलं आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “पाणी तरी सोडायचं होतंत.”

दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावला आणि धडधाकट कडी बदलून घेतली. अध्यक्ष मीच झाले, एकमताने. शैलाची दोन बोटं मोडली होती, ती वाकडीच जुळली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती पुन्हा उंबऱ्याबाहेर पडत नाही, दुकानातही उतरत नाही. तुमचं ती ऐकेल, तेवढं येऊन समजावा, म्हणाले. मी गेले. शैलाने त्या वाकड्या बोटांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी नेहमीचं सगळं बोलले — धीर धरा, आम्ही आहोत ना. ती खिडकीकडे बघत होती.

निघताना हात धुवायला आत गेले. त्यांच्या टॉयलेटला दार नव्हतं. बिजागऱ्या तशाच होत्या, आणि जुन्या साडीचा पडदा लावलेला होता. नवरा ओशाळून म्हणाला, “बंद दार दिसलं की तिला कापरं भरतं. म्हणून काढूनच टाकलं.”

मी त्यांना म्हटलं, बरं केलंत. मग रिक्षा करून घरी आले. येत्या रविवारी बैठक आहे, आणि ती मीच घेणार आहे.