गहिनीनाथची वाढणावळ

गहिनीनाथ वाढप्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, श्रीरामपूरला. स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर मनकर्णाबाईंची खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, सारवलेली जमीन, बसायला भिंतीकडेनं तरटाच्या दोन लांब पट्ट्या. बाई चुलीपाशी आणि गहिनीनाथ पुढं. तिसरं माणूस नव्हतं.

तो मूळचा घोडेगावचा. बाजाराच्या दिवशी तिथं चहाच्या पालावर कपबश्या विसळायचा आणि लग्नसराईत पंगती वाढायचा. त्या बाजूला त्याच्या वाढण्याचं नाव होतं. दुष्काळात लग्नं थांबली नाहीत, पण पंगती थांबल्या. लोक दहा-बारा माणसांत लग्न उरकू लागले. त्याची बायको छबूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि हा श्रीरामपूरला आला.

पस्तिशीचा, सडपातळ माणूस. कमी बोलायचा. वाढताना खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नसे, ताटाकडं बघे. आमटी संपायच्या आत आमटी, भाकरीचा शेवटचा तुकडा राहिला की दुसरी भाकरी. एकदा मी त्याला विचारलं, एवढं ध्यानात कसं राहतं? तो म्हणाला, "मागावं लागलं की मी चुकलो. ह्यात ध्यानात ठिवायचं काय?"

बाई त्याला दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा देत. पगार नव्हता. त्याऐवजी भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं: दहाच्या वर ताटं असल्यास वाढणावळ दोन रुपये. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला ही वाढणावळ नव्हती. मोठी पंगत बसली की जेवणाच्या पैशांवर दोन रुपये आपोआप चढत आणि ते गहिनीनाथचे. त्या वर्षी दहाच्या वर माणसं एकदम जेवायला येत ती आमची हमालांची टोळी. दुसरं कुणी नाही.

आम्ही चोवीस जण होतो. रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, गाड्या यायच्या. वॅगनमधून पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून खाली उतरायचं, गुदामात थप्पी लावायची. टोळीत ख्रिस्ती होते, बौद्ध होते, मराठे होते. पंगत एकच बसायची, ही रंभाजी मुकादमाची अट होती.

रंभाजीची आणखी एक अट होती. सकाळी पहिलं पोतं उचलायच्या आधी तो सगळ्यांना विचारायचा, "कुनाचं काय दुखतंय?" ज्याचं दुखत असेल त्यानं तेव्हाच बोलायचं. त्याला मग फाटकी पोती शिवायला किंवा सांडलेलं झाडून गोळा करायला बसवायचं, आणि संध्याकाळी वाटा पुरा द्यायचा. पण दुखणं लपवून जो फळीवर चढेल त्याला त्या दिवसाचा वाटा नाही. ही अट उगाच आली नव्हती. एका वर्षी बन्सीनं लचकलेली कंबर लपवली होती. तो फळीवर बसला तो बसलाच, आणि मागून येणाऱ्या माणसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बन्सीला त्या दिवशी काही मिळालं नाही. तो पुढंही टोळीत राहिला. त्यानं तक्रार केली नाही.

वैशाखातल्या एका दिवशी आम्ही दुपारी दोनला गाडी रिकामी करून जेवायला बसलो. मिलोची भाकरी हातात धरली की तुटते आणि कोरडी घशाखाली उतरत नाही. आमटी हवी, आणि भरपूर हवी. त्या दिवशी गहिनीनाथ आमटीची बादली डाव्या हातात धरून आला आणि प्रत्येकाला अर्धी पळी वाढून पुढं गेला. पट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या माणसाची भाकरी कोरडी पडली होती. तो परत फिरला, पुन्हा अर्धी पळी. जमिनीवर थेंब सांडत होते.

"गहिनी, ही आमटी हाय का तीर्थ?" बन्सी ओरडला.

"तीर्थच म्हन. ओंजळ पुढं कर आन् डोळ्यांला लाव," दुसरा कुणी म्हणाला.

"मिलो अमेरिकेतनं आली. आमटी बी तिकडनंच यायची हाय का? मावशी, तार करा की!"

लोक हसले. मग हसणं थांबलं. पाण्यासाठी तीनदा हाका माराव्या लागल्या. कांदा अर्ध्या लोकांपर्यंत आलाच नाही. पाच-सात जण दुसरी भाकरी न घेताच उठले. सकाळपासून पोती वाहिलेला माणूस भाकरी सोडून उठतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

रंभाजीनं जेवणाचे पैसे मोजून बाईंच्या पुढं ठेवले. बाईंनी मोजले.

"मुकादम, वाढनावळ ऱ्हायली."

"ऱ्हायली न्हाई. दिली न्हाई."

"ते काय तुमच्या मर्जीवर हाय व्हय? भितीवर लिव्हलंय. दहाच्या वर ताटं म्हनल्यावर दोन रुपये."

"वाढल्याचे दोन रुपये, मावशी. आज वाढलं कुठं? निम्मी पंगत उपाशी उठली. का तुमीच त्याला हात आखडायला सांगितलंय?"

बाई चुलीपासून उठल्या. "मी? दुष्काळ हाय म्हनून मी आमटीत हात आखडला असं म्हनता? या, आत या. पातेलं बघा. निम्मं भरलेलं हाय!"

गहिनीनाथ मध्ये उभा होता. भांडी आत न्यावीत म्हणून त्यानं उजव्या हातानं पाण्याची घागर उचलली, आणि ती त्याच्या हातातून सुटली. पाणी सगळीकडं झालं. रंभाजीनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं आणि हात उलटा केला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी सुटली होती. वर खोबरेल चोपडलेलं होतं.

सकाळी बाई दळण आणायला गेल्या असताना आमटीचं पातेलं उतरवताना ते त्याच्या हातावर कलंडलं होतं. त्यानं जमीन पुसून घेतली, आमटीत पाणी आणि तिखट घालून ती पुन्हा उकळली, आणि गप्प राहिला. फडकं बांधून वाढलं तर लोकांना किळस येईल. डाव्या हातानं वाढलं तर पंगत उठून जाईल. म्हणून उघड्या हातानं, जेवढी पळी पेलली तेवढी वाढली.

बाईंचा आवाज उतरला. "मेल्या, सांगायचं न्हाई का मला?"

"तुमी दुसरा मानूस आनला असता."

बन्सीनं कनवटीला हात घातला आणि दोन रुपयांची नोट काढली. रंभाजीनं त्याच्याकडं पाहिलं. "ठीव आत."

"तात्या, हात बघा की त्याचा."

"बघितला. सकाळी बोलला असता तर आमच्यातलं दोघं उठून वाढलं असतं आन् वाढनावळ त्याला पुरी दिली असती. त्यानं लपवलं. लपवलं तर वाटा न्हाई. तुला दिला हुता का मी?"

बन्सीनं नोट परत ठेवली.

गहिनीनाथ म्हणाला, "तात्यांचं खरं हाय. न्हाई माझे ते." आणि पाणी पुसायला लागला. डाव्या हातानं.

मला तेव्हा रंभाजीचं बरोबर वाटलं. आजही वाटतं. हात भाजला हे खरं आणि माणसं उपाशी उठली हेही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

आम्ही बाहेर पडताना बाईंनी विचारलं, "मुकादम, फुडल्या गाडीला येनार ना?" रंभाजी "बघू" म्हणाला.

त्या "बघू"चा अर्थ बाईंना कळला होता. आमची टोळी गेली तर त्यांची चूल निम्मी विझणार. पुढचं मला नंतर गहिनीनाथनंच सांगितलं. त्या त्याला म्हणाल्या, फुडल्या गाडीला टोळी आली तर तू ऱ्हा. न्हाई आली तर घोडेगावची यष्टी धर. घोडेगावला जाऊन तो काय करणार होता? खडी फोडायला हातोडा धरावा लागतो.

पुढची गाडी नऊ दिवसांनी आली. सकाळी टोळीत बोलणं झालं की आज बसस्टँडकडच्या हॉटेलात जायचं. तिथं वाढणावळ नाही आणि आमटी मागावी लागत नाही. रंभाजीनं नेहमीसारखं दुखण्याचं विचारलं आणि काम सुरू केलं.

दुपारी बाराच्या सुमाराला गहिनीनाथ मालधक्क्यावर आला. उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. फळीच्या बाजूला उभा राहिला. आम्ही पोती उतरवतच होतो. शेवटच्या माणसानं फळी सोडली तेव्हा तो पुढं झाला.

"तात्या, मावशीनं तुमाला बोलवायला धाडलंय. हात बरा झालाय असं सांगायला सांगितलंय."

"झाला का?"

त्यानं खाली बघितलं नाही.

"न्हाई झाला. बादली उचलत न्हाई, पळी धरत न्हाई. भाकरी, कांदा आन् पानी बघतो, ते बी डाव्या हातानं. आमटी तुमच्यातल्या कुनाला तरी वाढावी लागंल. चालत असंल तर या."

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजी आमीच वाढायचं, आमीच जेवायचं, आन् वाढनावळ बी आमीच द्यायची!"

हशा झाला. रंभाजी हसला नाही. त्यानं टोळीकडं तोंड केलं. "डाव्या हातचं कुनाला चालत न्हाई?"

कारभारी नावाचा एक म्हातारा हमाल होता. तो म्हणाला, "मला न्हाई चालत. माजी भाकरी मी टोपल्यातनं घीन."

"मग झालं. आनखी कोन?"

आणखी कुणी निघालं नाही. टोळी बसस्टँडकडं गेली नाही.

त्या दिवशी आमटी बन्सीनं वाढली. त्याच्या हाताला सवय नव्हती. दोघांच्या भाकरीवरच ओतली. गहिनीनाथ त्याच्या मागून टोपलं काखेत धरून चालत होता आणि हळूच सांगत होता, "चौथ्या ताटात बघ. कडंच्याचं संपत आलंय. हितं थांबू नको, फुडं हो." कारभारीपाशी आला की टोपलं खाली टेकवून तोंड दुसरीकडं करायचा. म्हातारा आपल्या हातानं भाकरी घ्यायचा. कुणाला काही मागावं लागलं नाही. मनकर्णाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. आपण सांगितलेलं त्यानं मालधक्क्यावर सगळं उलट सांगितलं, हे त्यांना आल्याबरोबर बन्सीनं सांगितलं होतं.

रंभाजीनं जेवणाचे पैसे बाईंना दिले. दोन रुपये वेगळे काढून गहिनीनाथच्या पुढं धरले.

"आमटी बन्सीनं वाढली," गहिनीनाथ म्हणाला.

"तू आधी बोललास. पुरं घ्यायचं."

त्यानं डाव्या हातानं घेतले. बन्सीनं मागून विचारलं, "तात्या, आन् मागचे?"

"मागचे गेले," रंभाजी म्हणाला, आणि गहिनीनाथनं मान हलवली.

बाईंनी दुसरा माणूस आणला नाही. गहिनीनाथ तिथं दिवाळीपर्यंत होता. त्या वर्षी पाऊस झाला, मिलोच्या गाड्या कमी झाल्या, आणि तो घोडेगावला परत गेला. हात भरला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नव्हतं. लग्नाच्या पंगती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लोक त्याला बोलवू लागले. लग्नघरी पोचला की तो आधी यजमानाला सांगायचा, "बादली मी उचलत न्हाई, एक मानूस द्या." मगच कमरेला पंचा बांधायचा. काही यजमानांनी त्याला तिथूनच परत पाठवलं. बाकीच्यांनी माणूस दिला.

माझी सासुरवाडी त्याच बाजूची. तिथल्या दोन लग्नांत बादली धरून त्याच्या मागं मी चाललो आहे. शंभर-शंभर माणसांची पंगत होती. तो मागं न बघता नुसतं ताट दाखवायचा आणि मी वाढायचा. दुसऱ्या लग्नात एका पाहुण्याला मला हाक मारून वरण मागावं लागलं. गहिनीनाथ थांबला, माझ्याकडं वळून बघितलं आणि पुढच्या ताटाकडं गेला.