खतकाकूंचं विरजण

खतकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारा आता फक्त पोस्टमन उरला होता. इस्पितळाच्या धुलाईखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत विटांचे तीन हौद बांधून घेतले, सगळ्या इमारतींचा ओला कचरा त्यात जिरवायला सुरुवात केली आणि बघता बघता नाव पुसलं जाऊन खत चिकटलं. आधी हौस होती, मग सवय झाली. आता ते काम नुसतं गळ्यात पडलं होतं.

काम सांगायला सोपं. सालं, देठं टाकायची, वर वाळका पाला पसरायचा आणि दाताळ्याने खालीवर करत राहायचं. खरी मेख वेगळीच होती. हौद रिकामा करताना काकू तळाशी घमेलंभर जुनं खत राखून ठेवत. दह्याला विरजण लागतं, तसं नव्या कचऱ्याला ते लागायचं. हे त्यांनी बैठकीत कितीदा तरी सांगितलं होतं आणि दर वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

गुडघे बोलायला लागले तशा काकू कंटाळल्या. कुणाच्या तरी हाती सगळं सोपवून मोकळं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते आपल्या हातून बंद पडायला नको होतं. विषय काढला की कॉलनीचे सेक्रेटरी म्हणत, काकू, तुमच्या हाताला यश आहे, आणि सगळे टाळ्या वाजवत. टाळ्यांनी कचरा खालीवर होत नाही, असं काकूंचे यजमान घरी म्हणायचे. दाताळं मात्र त्यांनीही कधी हातात धरलं नव्हतं.

शेवटी काकू विश्रांतीसाठी बहिणीकडे गेल्या. नेमकी तेव्हाच पालिकेची माणसं कॉलनीची स्वच्छता बघायला येणार असल्याचं कळलं. सेक्रेटरींनी कंबर कसली. काकूंनाही तेवढीच मदत, म्हणून घराघरातून लेकी-सुना, जावई सगळे लोटले. त्यांनी हौद तळापर्यंत खरवडले, फिनाईलने घासले आणि आतून पांढरा रंगही दिला.

काकू परतल्या तेव्हा सगळे हसऱ्या तोंडाने हौदांभोवती उभे होते. काकूंनी वाकून वास घेतला.

“तळाशी होतं ते कुठे गेलं?”

“ती घाण ना?” सेक्रेटरी म्हणाले. “सगळी गाडीत भरून दिली. म्हटलं, तुम्हाला त्रास नको.”

छान केलंत, एवढंच म्हणून काकू घरी आल्या. वाईट वाटलं, नाही कसं वाटणार. इतकी वर्षं जिवंत ठेवलेली गोष्ट होती ती. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. ते संपलं होतं आणि त्यांनी संपवलं नव्हतं. त्या रात्री त्यांना कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

सकाळी दारात पलीकडच्या गल्लीतला शिंपी उभा. मागे काकूंनी त्याला मूठभर खत दिलं होतं, त्यावर त्याने घरामागे आपला छोटा हौद चालवला होता. बातमी कानावर गेली तसा तो डबा भरून घेऊन आला होता.

“तुमचंच विरजण आहे काकू. हात घालून बघा, आतून गरम आहे.”

काकूंनी हात घातला. खरंच गरम होतं. त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने आले, असं समजून शिंपीही गहिवरला.

हौदापाशी सालांच्या बादल्या घेऊन लोक आधीच जमले होते. काकूंनी एक हौद साध्या पाण्याने पुन्हा धुवून घेतला, डब्यातलं विरजण तळाशी पसरलं, दाताळं सेक्रेटरींच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आज तुम्ही करा. मी बसून सांगते.”

सेक्रेटरींनी दोन-चार वेळा खालीवर केलं. मग त्यांचा फोन वाजला, आलोच म्हणून ते गेले. शिंप्याला दुकान उघडायचं होतं. बादल्या रिकाम्या झाल्या तशी माणसंही पांगली. सालांवर माशा घोंघावू लागल्या. काकू पायरीवर बसून बराच वेळ वाट बघत राहिल्या. मग गुडघ्यांवर हात रेटून उठल्या आणि त्यांनी दाताळं उचललं. काल रात्री किती छान झोप लागली होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.