चित्राच्या आधी बोलणारा माणूस

"आग लागली, उठा, बाहेर निघा," असं भाऊजी गोदामात टीव्हीजवळ उभे राहून सांगत होते आणि समोर बसलेली माणसं टीव्हीकडं बघत होती. टीव्हीवर लग्न चालू होतं. नवरी हार घेऊन उभी आहे, असं भाऊजींनीच नुकतं सांगितलं होतं. माझ्या बाजूला माझी जाऊ कमल, भाऊजींची बायको, मांडी घालून बसली होती. मी तिचा हात धरून ओढला तर तिनं तो सोडवून घेतला. म्हणाली, "थांबा ना बाई. आता लागते आग." आणि मान उंच करून लग्नाच्या मांडवात आग कुठून येते ते बघत राहिली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर शेषराव. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. पेपरात चार ओळी आल्या, आदर्श शिक्षक, मनमिळाऊ वगैरे. शिक्षक ते चांगले होते. मनमिळाऊ मात्र त्या गोदामाआधी होते, नंतर नाही. गोदामाबद्दल त्या चार ओळींत काही नव्हतं, म्हणून मी लिहिते.

आमचं गाव आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगुच्या अलीकडं, पण बोली मराठी. कापसाचा हंगाम सरला की इथल्या व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं पडायचं. त्या वर्षांत व्हिडिओ नवा होता. व्यापाऱ्यानं आदिलाबादहून रंगीत टीव्ही आणला, खिडक्यांना पोती ठोकून अंधार केला आणि बाजाराच्या दिवशी भर दुपारी सिनेमा दाखवायला लागला. सिनेमे तेलुगू. आम्हा बायांना तेलुगू येत होतं ते भाजीचा भाव करण्यापुरतं, हिरो भराभर बोलायला लागला की काही कळायचं नाही. भाऊजी तेलुगूत शिकलेले. व्यापाऱ्यानं त्यांना गळ घातली. तेव्हापासून ते शहरात जाऊन सिनेमा आधी बघून यायचे आणि गोदामात टीव्हीला पाठ करून, लोकांकडं तोंड करून, आमच्या बोलीत सांगायचे.

त्यांची सांगायची एक रीत होती. ते चित्राच्या थोडं आधी बोलायचे. टीव्ही लहान, मागच्यांना नीट दिसायचं नाही, आणि होऊन गेलेलं सांगून काय फायदा, असं त्यांचं म्हणणं. "आता पाह्यजा, दाराच्या मागं उभा आहे तो," असं ते म्हणायचे, लोक डोळे ताणायचे, आणि खरंच दारामागून माणूस निघायचा. एकदा "पूर आला, सरका" म्हणाले तर एका म्हातारीनं लुगडं वर घेतलं. लोक आठवडाभर तिला चिडवत होते. मध्येच ते समोरच्यांची नावंही घ्यायचे, अरे गंगाराम, तुझी बैलजोडी चालली बघ, असं. लोक सिनेमापेक्षा त्यांना बघायला यायचे म्हटलं तरी चालेल. कमल बाहेर मिरवायची आणि घरी टोमणे मारायची. "घरात मीठ मागतलं तर ऐकू येत नाही यायले, अन् तिथं तोंड मिटत नाही," असं ती मला त्यांच्या देखत सांगायची. ते हसायचे.

त्या दिवशी टीव्ही चालवायच्या डिझेल इंजिनची वायर मागच्या कोपऱ्यातून आणली होती. तिथं झाडून गोळा केलेल्या कापसाचा ढीग तसाच पडला होता. ठिणगी लोकांच्या पाठीमागं पडली. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं, एकट्या भाऊजींचं तोंड लोकांकडं. म्हणून धूर पहिल्यांदा त्यांना दिसला आणि त्यांनी सांगितला. पण त्या सिनेमात आग होती की नव्हती हे फक्त त्यांनाच माहीत. आजवर ते जे बोलले ते थोड्या वेळानं टीव्हीवर आलं होतं, मग हेही येईल म्हणून लोक बसून राहिले. त्यांनी नावं घेऊन हाका मारल्या, तर ज्यांची नावं घेतली ते लाजून हसले. मागं बसलेल्या गड्यांना पाठीला चटका बसला तसे ते दारातून पळाले. पुढं बायका आणि लेकरं, त्यांची नजर टीव्हीवरून हलली नाही. मग वायर जळाली, टीव्ही विझला, तेव्हा ती सारी उठली. तोवर धूर खाली आला होता आणि दार दिसत नव्हतं...

मी कशी उठले, हे मला पुष्कळांनी विचारलं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. टीव्ही म्हणजे मला रंगाचा डाग. मी अगदी पुढं बसून सारा वेळ भाऊजींच्या तोंडाकडं बघायचे. मी या घरात आले तेव्हा ते अर्ध्या चड्डीत होते, ते तोंड मला पाठ होतं. ही गोष्ट नाही, हे मला तोंडावरून कळलं. मी कमलला ओढलं, ती आली नाही, मी तिला सोडून खिडकीकडं गेले. भाऊजींनी पोतं फाडून, लाकडी गज मोडून मला बाहेर ढकललं आणि ते परत आत गेले. नंतर लोकांनी त्यांना त्याच खिडकीतून ओढून काढलं. तेव्हा ते बेशुद्ध होते आणि त्यांच्या हातात कोणाचीच बांगडी नव्हती की पदर नव्हता.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मला विचारलं, कमल काय म्हणाली. मी जसंच्या तसं सांगितलं. उगीच गोड करून सांगायची मला सवय नाही. नंतर त्यांनी शाळा सोडली नाही, पण कुठंही उभं राहून गोष्ट सांगितली नाही. वर्गात पोरांना ते गोष्ट काढायला लावायचे. पाटीवर चौकोन आखायचे, एका चौकोनात एकच चित्र. माणूस गवताचा भारा उचलतो आणि भाऱ्यात साप आहे. साप आधीच्या चौकोनात काढायचा की नंतरच्या, यावर पोरं भांडायची. नंतर काढला तर बघणारा दचकतो, आधी काढला तर माणूस भारा उचलेपर्यंत बघणाऱ्याच्या जिवात जीव राहत नाही, असं ते समजावायचे. हेडमास्तर म्हणायचे, साप राहू द्या, पाढे घ्या.

पुढं घरोघरी टीव्ही आले. आमच्याकडंही आला. माझे डोळे तोवर ऑपरेशननं नीट झाले होते. भाऊजी रविवारी दुपारी यायचे आणि आवाज बंद करून सिनेमा बघायचे. पोरं वैतागून बाहेर जायची. मी चहा घेऊन बसायचे. एकदा मी म्हटलं, सांगणाराच नाही तर काय कळते याच्यात. ते म्हणाले, "सांगणारा हाय ना, वहिनी. यानं दार उघडाच्या आधी आपल्याले आतला माणूस दाखवला. कोण दाखवला? ज्यानं कॅमेरा तिथं नेऊन ठेवला तो सांगून राह्यला. तोंडानं नाही, एवढंच." मी म्हटलं, मास्तरकी शाळेत करा, चहा निवून राह्यला. पण ते रविवारी रविवारी तेच बोलायचे. कोणाला काय माहीत आहे, कोणाला काय दिसते, आधी दिसते की नंतर. सिनेमातल्या माणसाला पाठीमागचं दिसत नाही, बघणाऱ्याला दिसते, बघणारा ओरडला तरी त्याला ऐकू जात नाही. गोदामात तेच झालं, फक्त बघणारा मी होतो, असं ते म्हणायचे. मला त्यातलं अर्धं कळायचं. ते कशाचा हिशेब लावत होते, ते मात्र पुरतं कळत होतं. लोक उठावेत म्हणून काय म्हणायला पाहिजे होतं, तेवढं एक त्यांना सापडत नव्हतं. निराळा शब्द, निराळा आवाज, तेलुगूत की हिंदीत...

त्यांची छाती त्या धुरानं गेली ती गेलीच. या उन्हाळ्यात त्यांना बोलताना दम लागायला लागला. मी उशाशी बसले होते. बाहेर शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता, लाइट गेली आणि पोरं ओरडत अंगणात आली. भाऊजी दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बोलाचं नव्हतंच, वहिनी. टीव्ही बंद कराचा होता. चित्र गेलं तवाच उठले ना सारे."

मी पदरानं त्यांना वारा घालत होते.

"बटन माह्या हातापाशी होतं."

मी म्हटलं, "होय. बंद करायला पाह्यजे होतं."

"तुमाले कवा समजलं?"

"खिडकीबाहेर पडली तवाच. टीव्ही विझला अन् आतून सारे उठल्याचा आवाज आला."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुमी इचारलं काय म्हणाचं होतं ते. हे कधी इचारलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. त्यानंतर ते थोडेच दिवस होते, आणि त्या दिवसांत सिनेमाचं एक अक्षर बोलले नाहीत.

गोदामातले मागं बसलेले गडी वाचले. पुढं बसलेल्यांमधून मी एकटी वाचले. भाऊजी वाचले होते, ते आता गेले.