घोट्याला लावायचं मशीन

दुखणं यायचंच तर सभ्य जागी यावं, अशी आमच्या घराची अपेक्षा. गुडघा चालतो, पाठ चालते, डोकं तर फारच प्रतिष्ठित. माझं दुखायचं मूत्राशय. थोडं भरलं की ओटीपोटात कळ, रिकामं केलं की अर्धा तास बरं, मग पुन्हा तेच. अशी तीन वर्षं. खडा नाही, जंतू नाहीत; रिपोर्ट इतके स्वच्छ की पहिल्या डॉक्टरांनी माझं अभिनंदनच केलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले.

मी तंजावूरहून ओरत्तनाडूच्या कचेरीत रोज बसने जाते. तो सगळा रस्ता पाणी न पिता, मांड्या आवळून काढायचा. नवरा आणि सासूबाई म्हणायचे, झेपत नाही तर सोड नोकरी. घरी बसून मी काय करणार होते? दुखणंच ना?

मग नव्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, एक खिशात मावेल एवढं मशीन दिलं. दोन चिकट पट्ट्या घोट्यापाशी लावायच्या, रोज अर्धा तास हलका करंट सोडायचा. घोट्याकडची नस आणि मूत्राशयाची नस कण्यात एकाच ठिकाणी पोचतात म्हणे. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बारा आठवडे डायरी लिहायची; तिच्यात फरक दिसला नाही तर मशीन बंद. मशीन बंद तर राजीनामा, हे मी मनाशी ठरवलं.

पण घोटा! मला तर लॉटरीच लागली. घरी सांगितलं, पायासाठी आहे. तीन वर्षांत मिळाली नव्हती एवढी सहानुभूती एका संध्याकाळी मिळाली. सासूबाईंनी स्वतः तेल गरम केलं. नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या गोलूच्या बाहुल्या बघायला आलेल्या नातलग बायका बाहुल्या सोडून माझा करंटने थरथरणारा पायाचा अंगठा बघत बसल्या आणि प्रत्येकीने आपापली टाच पुढे केली. पट्ट्यांचा चिकटपणा त्या आठवड्यात समाजसेवेत गेला.

डायरीत लिहायचं काय, तर लघवी किती वाजता, किती झाली, दहापैकी किती दुखलं. ती लपवायची कुठे? मी ती फ्रिजवरच ठेवली, उघडी. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, देवनागरी कुणालाच वाचता येत नाही. मला येते ती लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. स्वतःच्या हुशारीवर मी बारा आठवडे खूष होते.

शेवटच्या तपासणीला सासूबाई बरोबर आल्या. त्यांना त्यांच्या गुडघ्यांसाठी तेच मशीन हवं होतं. डॉक्टरबाईंनी डायरी उघडली, उलटी केली, सुलटी केली. त्या तमिळ. बारा आठवड्यांत एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या.

सासूबाई शेजारी. न वाचावं तर मशीन बंद. मी तमिळमध्ये वाचायला लागले. पहिला आठवडा: दिवसाला अठरा वेळा, दुखणं आठ. बसमध्ये रडले. कचेरीत मीटिंग सोडून पळाले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा कॉफी दिली, नको म्हणता आलं नाही, दुखणं नऊ. हे वाक्य गाळता आलं असतं. मी गाळलं नाही. मुद्दामच. बारावा आठवडा: अकरा वेळा, दुखणं चार.

"फरक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालू ठेवू. कॉफी मात्र बंद."

रिक्षात सासूबाईंनी डायरी माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली. मग आमच्या मराठीत म्हणाल्या, "मला का सांगट्ली नाहीस ग?"

"सांगितलं होतं. दुखायला लागलं त्या पहिल्याच महिन्यात. बायकांना अस्कं असंच अस्तंय, म्हणालात."

त्यांना ते आठवत होतं, चेहऱ्यावर दिसलंच. मला वाटलं होतं, असं ऐकवल्यावर फार बरं वाटेल. वाटलं नाही. मला फक्त संताप आला, की बाईच्या दुखण्यावर घरात विश्वास बसायला ते अनोळखी डॉक्टरांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं लागतं.

घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "पाय कसा आहे? नोकरीचं काय ठरवलंस?"

"पायाला काही झालेलं नाही तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "मूत्राशय दुखतंय. तीन वर्षं. आणि ती उद्या ऑफिसला जाणार आहे."