वहिनीच्या माथी मारलेलं ग्रहण

महिना झाला वहिनीला जाऊन. तिच्या लेकीचा फोन आला, "आत्या, आई गेली..." एवढंच. मी देवदर्शनाला परगावी गेले होते, तिथूनच पाथर्डीच्या एसटीत बसले आणि रस्ताभर डोळ्यांपुढे एकच, दादाच्या हातातला बैलाचा कासरा.

बहात्तरचा दुष्काळ. वहिनी नवी नवरी, आणि मी नवऱ्यानं टाकलेली नणंद, माहेरी राहिलेली. दोघी खडी फोडायला जायचो. तिला दिवस गेले, अन्नाचा वास सोसेना. मी म्हटलं, "मिश्री लाव, मळमळ पळंल." तंबाखू तव्यावर जाळायची, पूड करून दातांना घासायची. पहिल्या दिवशी ती गरगरून खडीवरच बसली, आम्ही पोट धरधरून हसलो. मग तिला चटकच लागली, दिवसातून चार-पाचदा. आईला चोरून डबी मीच पुरवायचे.

पोरगी झाली ती वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेली. आईनं बघितलं आणि बाळंतिणीच्या झिंज्याच धरल्या. "गिऱ्हानात इळा धरलास व्हय गं, सटवे? म्हून पोरीचा व्हट फाटला!" दादानं कासरा काढला. अहो, पाचवीसुद्धा पुजली नव्हती! पाठ फुटली, लुगडं रक्तानं भिजलं, तरी पोरीला पोटाखाली झाकून ती ओरडत होती, "न्हाई वो, म्या काई न्हाई कापलं!" दादा दमला तेव्हाच थांबला. मी चुलीपाशी उभी होते, तोंडात मिश्री धरून.

पुढं दवाखान्यात नर्सबाई मला म्हणाल्या, "ग्रहणाचा काही संबंध नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मिश्री लावत होती का? त्यानंही होऊ शकतं, खात्रीनं मात्र सांगता येत नाही." वहिनी बाहेर पोरीला बोळ्यानं दूध पाजत होती. मी म्हटलं, "न्हाई बाई, आमच्यात कुनी लावत न्हाई." कासरा आपल्या पाठीवर पडेल, ही भीती. जळो माझी जीभ!

पोरीचा ओठ पुण्यात शिवला. वहिनी मात्र दर ग्रहणाला कोपऱ्यात बसून स्वतःचे हात पदरानं करकचून बांधून घ्यायची... दादा गेला, ती म्हातारी झाली, तरी. मी बघायचे आणि गप्प बसायचे.

दहाव्याला भाची म्हणाली, "शेवटपत्तुर म्हनत हुती, माझ्याच हातानं तुझं तोंड फाडलं, बाळा. खरंच काय कापलं हुतं गं आत्या, तिनं?"

मला राहवेना. डबी, नर्सबाई, माझं खोटं, सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि माझ्या मुस्कटात अशी ठेवून दिली की दात हलला.

त्या घरात मार ज्याला बसायला हवा होता त्याला अखेर बसला. बघायला वहिनी नव्हती.