साठ सेलांची पन्हळ

केळशीजवळच्या आमच्या वाडीत वीज नव्हती, म्हणून सासऱ्यांनी लग्नात मला बॅटरीवर चालणारा रेडिओ दिला. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात अशीच कोणाच्या तरी समंजसपणातून झालेली आहे!

पहिल्याच श्रावणात दमट हवेने त्याची विटेएवढी बॅटरी खाल्ली. बातम्या सांगणारा आधी दमला, मग आजारी पडला, मग कायमचा गप्प झाला. आणि त्याच आठवड्यात गिरगावातून सासऱ्यांचं कार्ड आलं: शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ते मुंबईच्या रेडिओवर पंधरा मिनिटं अभंग गाणार! 'जावईबापूंचा अभिप्राय समक्ष भेटीत ऐकेन.'

"अण्णा आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर गाताहेत," कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "ते गाणं जर मला ऐकायला मिळालं नाही ना, तर पहिल्या बोटीने मी माहेरी!"

नवी बॅटरी मुंबईत. बोट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद.

"एवढं काय रे? सर्दली असेल," असं म्हणून आईने जुनी बॅटरी चुलीवर टांगलेल्या फळीवर वाळत ठेवली. (पावसाळ्यात न वाळणारी प्रत्येक वस्तू आमच्याकडे तिथेच जाते. माझं बी.ए.चं प्रमाणपत्रही गेलं होतं.) दुपारपर्यंत बॅटरीचं डांबर वितळून आमटीत पडलं. आमटी वडिलांनी पहिला भुरका मारल्यावर बदलली, पण बॅटरीचं काय?

फुटलेली बॅटरी मी उकलून पाहिली, तर आत चिमुकले सेल एकाला एक जोडून बसवलेले! वर नव्वद व्होल्ट लिहिलेलं. विजेरीचा सेल दीड व्होल्टचा. म्हणजे साठ सेल ओळीने लावले की झालं! (व्हॉल्व्ह तापवायची छोटी बॅटरी वेगळी होती, ती शाबूत होती.) मी स्वतःची पाठ थोपटली. हात पुरला तिथपर्यंत.

सापकिरडाच्या भीतीने वाडीत घरटी विजेरी होतीच. शनिवारी दुपारपर्यंत साठ सेल जमले. सुपारीच्या बागेला पाणी न्यायची पोफळीच्या खोडाची पन्हळ कोरडी करून मी ओटीवर आडवी टाकली आणि त्यात सेल रांगेने बसवले. प्रत्येकाचं डोकं पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. दोन टोकांना दोन तारा. खुंटी पिरगाळली आणि रेडिओ असा गरजला, की ओटीवरचं मांजर थेट माळ्यावर!

रेडिओ बंद करून मी विजयी मुद्रेने कोट चढवायला आत गेलो. (रेडिओवरच्या सासऱ्यांसमोर कोट कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही.) तेवढ्यात ओटीवर आवाज चढले. आमच्याकडे पालखीला कोणाचा खांदा आधी, नारळ कोणाचा आधी, सगळं मानाने चालतं. सेल त्यातून कसे सुटतील?

"रेडिओला चिकटून माझा सेल पायजे. पयला मान माझा!" हा बाबा खोत.

"लाव की!" तात्या गावकर म्हणाला. "मग तुझ्या सेलाच्या बुडाला माझ्या सेलाचं डोकं काय म्हणून? चार पिढ्यांत आम्ही कोणाच्या बुडाला डोकं लावलेलं नाय!"

"अरे, काय पोरखेळ!" हे मचव्यावरचे हसन तांडेल. वाडीतले सगळे तंटे तेच मिटवत.

मी कोटाची बटणं लावून आलो तेव्हा सगळीकडे शांतता होती. इतकी सुंदर शांतता, की मला संशय यायला हवा होता. ओटी भरली होती. कुसुम सर्वांत पुढे, डोळे मिटून, हात जोडून. सहा वाजले. मी खुंटी पिरगाळली.

काही नाही.

एरियल हलवली. व्हॉल्व्ह दाबले. डोक्यावर चापट मारली (रेडिओच्या). आईने अंगारा लावला. कुसुमचा एक डोळा उघडला. तो माझ्यावरच होता.

"सेल हलवलेत का कोणी?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"हलवले नाहीत, समेट केला!" तांडेल कौतुकाने म्हणाले. "ईदेला गळाभेट करतो ना, तसे तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून बसवले. कोणाचा अपमान नको!"

साठही सेल जोडीजोडीने एकमेकांच्या गळ्यात पडले होते! एकाची वीज दुसरा मारत होता. नव्वद व्होल्टांचं शून्य! मी पन्हळीवर झडप घातली आणि एकाआड एक सेल फिरवत सुटलो. शेवटचा सेल बसला, तारा टेकवल्या, आणि रेडिओतून खणखणीत आवाज आला:

"आत्ताच आपण अभंग ऐकलेत..."

ओटीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. कुसुम उठली आणि ट्रंक भरायला आत गेली.

तिला थोपवायला मी शपथेवर कबूल केलं, की अण्णांना यातलं काही कळू देणार नाही. पहिल्या बोटीने अण्णाच आले. ओटीवर पुन्हा सगळी वाडी.

"मग, जावईबापू? कसं काय झालं आमचं गाणं?"

"अहाहा!" कुसुमकडे पाहत मी सुरू झालो. "काय तो आवाज! काय त्या ताना! एकच वाईट वाटलं, अण्णा. पंधरा मिनिटांत संपलं. अजून ऐकावंसं वाटत होतं!"

अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. "माझ्या मनातलं बोललात! म्हणून तर पेटी बरोबर आणलीय."

आणि ते गायला लागले. काय सांगू! बैलगाडीचं वंगण न घातलेलं चाक चढणीवर जसं गातं, तसं. तिसऱ्या अभंगाला तांडेलांना मचवा आठवला. पाचव्याला मांजर पुन्हा माळ्यावर गेलं. सातव्याला बाबा खोत माझ्या कानाशी आला.

"बाळा, ह्यांचे सेल कुठं असतात तेवढं दाखव. मी फिरवतो."

तेवढ्यात अभंग संपला. अण्णांनी मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं, कुसुमने त्याहून मोठ्या दराऱ्याने पाहिलं, आणि सगळ्या वाडीदेखत माझ्याच तोंडून निघालं:

"वा, अण्णा! अजून एक होऊ द्या!"